‘सुटलात’ म्हणू नका

दादा गेला तेव्हा भेटायला येणारा जो तो म्हणत होता, ‘सुटला बिचारा. तुम्हीही सुटलात.’ आम्ही सुटलो नव्हतो, पोरके झालो होतो.

दादाला डाऊन सिंड्रोम होता. आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात. दादाच्या पेशीत एकविसाव्या क्रमांकाचं एक जास्त, म्हणजे ४७ होती. हे कारण १९५९ साली फ्रान्समध्ये उजेडात आलं. आमच्या आईला मात्र, ‘ग्रहणात काय चिरलंस?’ असंच विचारलं जाई.

दादाला पैसे मोजता येत नसत. पण रोज पहाटे दूधकेंद्रावरून आळीतल्या तीन म्हाताऱ्यांच्या पिशव्या तोच पोचवी. कुणाच्या दारात किती, हे त्याला पाठ होतं.

पंचेचाळिशीनंतर तो दारं चुकू लागला. ‘मुद्दाम करतोस,’ म्हणून मी रागावले. पुढे डॉक्टरांनी समजावलं. अल्झायमरशी संबंधित एक जनुक याच एकविसाव्या गुणसूत्रावर असतं. त्याची तिसरी प्रत असल्यामुळे हा आजार अशा माणसांना चाळिशी-पन्नाशीतच गाठू शकतो. माझं ते रागावणं मला अजून सलतं.

म्हणून सांगते, घरातल्या अशा माणसाला जमणारी कामं जमेनाशी झाली, तर तो हट्ट समजू नका. डॉक्टरांना दाखवा. कधी थायरॉईड, कान किंवा डोळे यांचाही दोष निघतो आणि त्यावर उपाय असतो.

आणि असं कुणी गेलं, तर ‘सुटलात’ म्हणू नका. तो दिवसभर काय करायचा, ते विचारा. सांगण्यासारखं खूप असतं.