घरातील वेदी : मराठी ख्रिस्ती कुटुंबांतील धर्मशिक्षणाचा एक आढावा

मध्य रेल्वेवर कल्याण सोडून कसाऱ्याच्या वाटेला लागताच पहिले स्थानक येते ते शहाडचे. उल्हास नदीच्या काठचे, सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्याच्या आसऱ्याने वाढलेले, आणि पोटापाण्यासाठी नाना मुलखांतून आलेल्या कुटुंबांनी गजबजलेले. या वस्तीत ख्रिस्ती घरे मोजकीच आहेत, परंतु या प्रदेशाचा ख्रिस्ती धर्माशी असलेला परिचय मात्र पुष्कळ जुना आहे. सहाव्या शतकात कॉस्मस इंडिकोप्लेउस्टेस या ग्रीक व्यापाऱ्याने ‘कल्लियाना’ येथे इराणातून नेमून आलेला बिशप असल्याची नोंद केली, आणि ते ठिकाण म्हणजे आपले कल्याण असावे असे बरेच अभ्यासक मानतात. पुढे 1321 साली ठाण्यास जे चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले ते उतरले होते एका नेस्टोरियन ख्रिस्ती गृहस्थाच्या घरी. आणि त्यांच्यामागून काही वर्षांनी आलेल्या ओडोरिक या प्रवाशाने ठाण्यात नेस्टोरियनांची पंधरा घरे असल्याचे लिहून ठेवले. सभोवारचा सारा व्यवहार निराळ्या धर्मांच्या वहिवाटीने चालत असता पंधरा घरांनी आपल्या मुलांना श्रद्धा कशी शिकविली असेल, हा प्रश्न तेव्हाच्या ठाण्याइतकाच आजच्या शहाडलाही लागू आहे.

त्याचे उत्तर शोधताना प्रथम आठवण होते ती आपल्या शेजारच्या बेने इस्राएल या ज्यू समाजाची. कोकणात तेल गाळून उपजीविका करणाऱ्या आणि ‘शनवार तेली’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या लोकांपाशी शतकानुशतके धर्मग्रंथ नव्हता, धर्मगुरू नव्हता, सभास्थान नव्हते. तरीही शनिवारी घाणा बंद ठेवावा, मुलाची सुंता आठव्या दिवशी करावी, खवले नसलेला मासा चुलीवर चढवू नये, आणि ‘शमा’ची प्रार्थना तोंडी असावी, एवढ्या घरगुती शिरस्त्यावर त्यांनी आपला धर्म टिकविला. ठाण्याचे त्यांचे सभास्थान 1879 सालचे. धर्म त्याच्या फार आधीपासूनचा. आणि ही ‘शमा’ ज्या अनुवादाच्या पुस्तकातील सहाव्या अध्यायात आहे, तेच पुस्तक ख्रिस्ती घरांतही वाचले जाते. तेथे आईबापांस आज्ञा आहे ती देवाची वचने घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना मुलांच्या कानी घालण्याची. मुलाला कोणा शिक्षकाच्या हवाली करून मोकळे होण्याची तजवीज त्या आज्ञेत नाही.

मराठी भाषेतील ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभसुद्धा मुलांच्या शिकवणीपाशीच झालेला दिसतो. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या 1616 साली रायतूर येथे छापलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या प्रारंभी प्रसंग आहे तो गोव्यातील साष्टीत मुलांना ‘दोत्रीन’ म्हणजे धर्मतत्त्वे शिकविली जात असतानाचा. ते ऐकून एक नवख्रिस्ती ब्राह्मण विनंती करतो की, आमची पूर्वीची पुराणे आमच्यापासून दूर झाली, तर त्यांच्या जागी आमच्या मनाला विसावा देईल असे काही आम्हांस द्यावे. प्रश्नोत्तरे घोकून बुद्धीला तत्त्व कळते, पण घराला ऐकावयास कथा लागते, हे त्या विनंतीतील मर्म पाद्रीबाबांनी ओळखले आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांची रचना केली. पुढे मूळ छापील प्रती नाहीशा झाल्या, तरी ग्रंथ गेला नाही, कारण त्याची हस्तलिखिते लोकांनी जपून ठेवली होती.

प्रोटेस्टंट परंपरेत मार्टिन लूथरने 1529 सालची आपली लहान प्रश्नोत्तरी कुटुंबप्रमुखाने घरच्या माणसांना शिकवावी याच हेतूने लिहिली होती. आपल्याकडे अमेरिकन मराठी मिशनने 1842 साली ‘ज्ञानोदय’ आणि 1873 साली मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ हे मासिक काढले, आणि गावोगाव शब्बाथ शाळा भरू लागल्या. या उद्योगाचे मोल मी कमी लेखीत नाही. तथापि त्यातून नकळत एक समजूत रूढ झाली, की धर्म शिकविणे हे शाळेचे आणि उपदेशकाचे काम असून आईबापांनी मुलाला न्हाऊमाखू घालून वेळेवर पोहोचते करावे म्हणजे झाले. रविवारच्या एका तासावर सबंध आठवड्याचा भार टाकण्याची ती सवय आजही आपल्या मंडळ्यांतून गेलेली नाही, आणि तिचे मला मनापासून दुःख वाटते.

या समजुतीला उत्तर दिले ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी, आणि तेही निबंध लिहून नव्हे. त्यांनी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी अभंग आणि भजन दिले, त्यामुळे भक्ती पोथीतून उठून जात्याशी आणि पाळण्याशी येऊन बसली. आजही ‘उपासना संगीत’ उघडले की त्यांची पदे पानोपानी भेटतात. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रां’मधून त्या दोघांच्या संसाराचे जे दर्शन घडते, त्यात धर्मशिक्षणाचा निराळा तास कोठे दिसत नाही, दिसतात ती घरी आणून वाढविलेली परकी मुले, रित्या डब्यांतून निघालेला पाहुणचार, आणि भांडणानंतरची क्षमा. ज्या बालकवी ठोमऱ्यांना त्या घराने पोटच्या मुलासारखे वागविले ते हिंदूच राहिले, आणि त्यांच्यावरच्या मायेत त्यामुळे अणुमात्र उणेपणा आला नाही. टिळक 1919 साली वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे होते. ज्या स्त्रीने नवऱ्याच्या धर्मांतराने एके काळी ऊर फोडून घेतला होता, तिनेच पुढे ते पूर्ण केले. घरातल्या घरात श्रद्धा कशी पोहोचते याचे याहून मोठे उदाहरण मराठीत मला ठाऊक नाही.

आता आजच्या दोन खोल्यांच्या ब्लॉकात काय करता येईल याचा विचार करू. येशूने सांगितलेले दृष्टांत पाहावेत तर त्यांतले पुष्कळसे सामान आपल्या स्वयंपाकघरातच सापडते. मोहरीचा दाणा मिसळणाच्या डब्यात आहे. पिठात कालवलेल्या खमिराची गोष्ट वाचावयाची ती रात्री आंबोळीचे पीठ भिजविताना. सकाळी भांड्याच्या काठाशी आलेले पीठ मुलाने स्वतः झाकण काढून पाहावे, मग स्वर्गाचे राज्य गुपचूप कसे वाढते यावर व्याख्यानाची जरूर पडत नाही. परंतु मला सर्वांत प्रिय आहे तो लूकच्या पंधराव्या अध्यायातील हरवलेल्या नाण्याचा दृष्टांत. दहा नाण्यांपैकी एक हरवते, बाई दिवा लावते, घर झाडते, सापडेपर्यंत शोधते, आणि सापडल्यावर मैत्रिणींना व शेजारणींना बोलावून आनंद करते. हा दृष्टांत वाचण्याऐवजी करावा. एकाने रुपया लपवावा, दिवे मालवावेत, मुलांच्या हाती केरसुणी आणि बॅटरी द्यावी, आणि पलंगाखालची धूळ निघेपर्यंत शोध चालू द्यावा. नाणे मिळाले की शेवटचा भाग गाळू नये : शेजारच्या बिऱ्हाडाला खरोखरच चहाला बोलवावे. हरवलेल्यासाठी देव किती कष्ट घेतो हे मुलाला केरसुणीने कळते, आणि त्याचा आनंद एकट्याने भोगावयाचा नसतो हे चहाच्या कपाने.

याच दृष्टीने नाताळच्या गोठ्याकडे पाहावे. संत फ्रान्सिसने 1223 साली ग्रेच्चो येथे गव्हाणीचा देखावा मांडला तेव्हापासून चालत आलेली ही रीत वसईपासून गोव्यापर्यंत मुलांच्या हातांनीच जिवंत ठेवली आहे. गोठ्याभोवतीच्या हिरवळीसाठी आधी काही दिवस नाचणी किंवा गहू पेरावे लागतात, आणि त्यांना पाणी घालण्याचे काम घरातल्या सर्वांत धाकट्याला द्यावे. घटस्थापना पाहिलेल्या शेजाऱ्यांना त्या अंकुरांचा अर्थ विचारावासा वाटतो आणि मुलाला तो सांगावा लागतो. बाजारात मिळणारी परदेशी चित्रे, ज्यांत बेथलेहेमवर बर्फ पडते आणि मेंढपाळ लोकरीचे कोट घालतात, ती घरी आणू नयेत असे मी म्हणेन. कामट्या आणि पतंगाचा कागद घेऊन दिवाळीचा कंदील करणाऱ्या पोरांना तारा करता येतो.

अडचण आहे ती वेळेची. बाप पाळीवर, आई लोकलच्या गर्दीत, आणि सर्वजण एकत्र जेवतात असा प्रसंग आठवड्यातून एखादाच. अशा घरी रोज अर्ध्या तासाच्या कौटुंबिक प्रार्थनेचा हुकूम सोडणे म्हणजे दोषभावना वाढविणे होय. त्यापेक्षा निजताना प्रभूची प्रार्थना, आणि जो कामावर आहे त्याचे नाव घेऊन एक वाक्य, एवढे नेमाने घडावे. पौलाने तीमथ्याच्या विश्वासाचे मूळ त्याची आजी लोईस व आई युनीके यांच्यात पाहिले आहे. आपल्याकडेही पुष्कळ घरांत हे काम आजीकडे येते, आणि तिला पाठ असलेली पदे मुलांनी तिच्याकडून उतरवून घ्यावीत ही माझी आग्रहाची विनंती आहे.

आणखी एक गोष्ट आईबापांना जड जाते, ती म्हणजे मुलाचा प्रश्न. निर्गमाच्या बाराव्या अध्यायात वल्हांडणाचा विधी सांगताना, मुले याचा अर्थ विचारतील असे आधीच गृहीत धरले आहे. आमचा शेजारी चांगला असून प्रार्थना निराळी का करतो, आजी बरी व्हावी म्हणून मागितले तरी ती का गेली, हे प्रश्न उद्धटपणाचे नव्हेत. ज्याचे उत्तर आपल्यापाशी नाही तेथे तसे सांगावे आणि मुलाबरोबर बसून तोच प्रश्न प्रार्थनेत मांडावा. स्तोत्रकर्त्यांनी याहून कठोर प्रश्न देवासमोर मांडले आहेत.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा आगमनकाळ फार दूर नसेल. त्याचा पहिला रविवार 30 नोव्हेंबरच्या आसपास येतो आणि नाताळापर्यंत चार रविवार मिळतात. पहिल्या रविवारी ताऱ्याच्या कामट्या बांधाव्यात, दुसऱ्या रविवारी आजीची पदे वहीत उतरवावीत, तिसऱ्या रविवारी नाचणी पेरावी, आणि चौथ्या रविवारी करंज्या तळून पहिले ताट मुलाच्या हातून अशा घरी पाठवावे, जेथे नाताळ नसतो.