फोर्कलिफ्टची मोटर, घरच्या गाडीला

अमेरिकेतले हौशी लोक घरच्या घरी इलेक्ट्रिक गाडी बांधताना गेली कित्येक वर्षं एका जुन्या यंत्राच्या शोधात असतात: भंगारात निघालेली फोर्कलिफ्ट. यंत्र मोडीत गेलं तरी आतली मोटर अनेकदा ठणठणीत असते. विमानांच्या जुन्या मोटरीही वापरात आल्या. १९७९च्या सुमारास आर्कान्सामधल्या डेव्ह आर्थर्स यांनी ओपेल जीटी गाडीत तशी मोटर बसवली आणि बॅटऱ्या चार्ज करायला गवत कापायच्या यंत्राचं छोटंसं इंजिन जोडलं.

फोर्कलिफ्टची जुनी मोटर बहुधा डीसी सीरीज असते. तिचं स्थिर वेटोळं आणि फिरणारं आर्मेचर एकामागे एक जोडलेलं असल्याने दोन्हींतून एकच करंट वाहतो. करंट दुप्पट केला की चुंबकाची ताकदही वाढते, म्हणून फिरवण्याचा जोर जवळजवळ चौपट होतो. पुढे लोखंडच चुंबकत्वाने भरून गेलं की ही वाढ मंदावते. पण उभी गाडी हलवायला सुरुवातीचा हा जोरच लागतो. मुंबईच्या लोकल १५०० व्होल्ट डीसीवर धावत होत्या, तेव्हा त्यांची चाकं फिरवणाऱ्या बहुतेक मोटरी याच जातीच्या होत्या.

पण हीच एकामागे एक जोडणी जिवावरही बेतू शकते. भार नसला की सीरीज मोटर वेग वाढवतच जाते आणि शेवटी आर्मेचरच्या तारा उखडून बाहेर फेकल्या जातात. म्हणून तपासताना ती पक्की बांधून फक्त १२ व्होल्टची बॅटरी लावावी. ॲक्सिलरेटरवर पाय असताना क्लच दाबला, तर चालत्या गाडीतही हेच संकट ओढवतं.

भंगारवाल्याकडे गेल्यावर आधी ब्रशवरची झाकणं काढून आत बघावं. ब्रश ज्यावर घासतात तो पट्ट्यापट्ट्यांचा कॉम्युटेटर एकसारखा चॉकलेटी दिसला तर मोटर घ्यायला हरकत नाही. एखाद-दुसरी पट्टीच जळून काळी पडली असेल, तर आतलं वेटोळं तुटल्याचा संशय घ्यावा. जळक्या वॉर्निशचा वास आला तर सरळ पुढच्या मोटरीकडे वळावं. चारही टर्मिनल जाडजूड असतील तर ती सीरीज; दोन बारीक असतील तर फील्ड, म्हणजे स्थिर वेटोळं, वेगळं, आणि मग कंट्रोलरही वेगळा लागतो. शाफ्ट तर बघायलाच हवा. हायड्रॉलिक पंप चालवणाऱ्या काही मोटरींना बाहेर शाफ्टच नसतो, आत नुसतं खाचांचं भोक असतं. काहींना एका टोकाला बेअरिंग नसतं, कारण ती बाजू मूळ यंत्राच्या गिअरबॉक्सने धरलेली असते. अशा वेळी चांगला टर्नर गाठावा. मोटर आणि गिअरबॉक्स यांच्यामधली प्लेट नि कपलर जरा जरी केंद्रातून सरकला, तरी बेअरिंग खलास होतात.

मूळची ३६ किंवा ४८ व्होल्टची मोटर गाडीत ९६ ते १४४ व्होल्टवरही चालवतात. वेग वाढतो, पण ब्रशखाली ठिणग्याही उडू लागतात. त्यासाठी ब्रशची चौकट फिरण्याच्या उलट दिशेला थोडे अंश सरकवतात. कंट्रोलर बिघडून पूर्ण करंट सोडत राहिला तर फक्त पाय उचलून गाडी थांबत नाही. म्हणून फ्यूज, काँटॅक्टर आणि हाताशी येणारा तोडस्विच यांवर मी एक पैसाही वाचवणार नाही.

आपल्याकडे मात्र अशी गाडी रस्त्यावर आणता येत नाही. जुन्या गाडीत इलेक्ट्रिक किट बसवायचं तर ते पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने तपासून मंजूर केलेलंच लागतं.