किल्लारीच्या ‘संवाद सहायक’
३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं: किल्लारीचा भूकंप. लातूर-उस्मानाबादेत (आताचं धाराशिव) माणसं मेली ती घरांखाली: मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं ओझं पेलणारी माळवदं. जी गावं हलवली नाहीत, तिथल्या घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण सरकारी योजनेत घरमालकांनीच करून घ्यायचं होतं. गाव आणि सरकारी यंत्रणा यांच्यातला दुवा म्हणून प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने महिला मंडळांना पुढे आणलं. नाव मिळालं भारदस्त, ‘संवाद सहायक’. काम मात्र दारोदार फिरण्याचं. भिंतीत आरपार दगड बसलाय का, सिमेंटवर पाणी मारलंय का, अनुदानाचा हप्ता कुठे अडकलाय? गवंड्यांना ही विचारपूस फार रुचली असेल, असं वाटत नाही.

२००१च्या गुजरातमधल्या भूकंपानंतर यातल्या काही जणी कच्छला गेल्या, तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगायला. पुढे मराठवाड्यातल्या दुष्काळात संस्थेने बायकांच्या हाती एकरभर शेती द्यायचा आग्रह धरला, ऊस-सोयाबीनऐवजी घरात खाता येईल असं धान्य, डाळी, भाजीपाला लावण्यासाठी. २०१६चा इक्वेटर पुरस्कार संस्थेला मिळाला.