चौथा महिना लागला की…

बहुतेक जणींची मळमळ आता ओसरते, भूक परत येते. लोहाची गोळी सुरू करण्याची हीच वेळ. आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात ती मोफत मिळते: रोज एक, किमान 180 दिवस. शौचाला काळसर होते म्हणून घाबरून कित्येक जणी ती सोडतात. त्यात काहीही धोका नाही, गोळी चालूच ठेवा. चहाबरोबर मात्र नको, लिंबूपाण्याबरोबर घ्या. कॅल्शियमची गोळी दोन तासांनी. कळण्याची भाकरी, पोकळ्याची भाजी ताटात हवीच, पण ती गोळीची जागा घेत नाही.

पहिलटकरणीला बाळाची हालचाल साधारण 18 ते 20 आठवड्यांत जाणवते. बाळात व्यंग नाही ना, हे पाहणारी सोनोग्राफीही याच सुमारास होते. तिथे मुलगा की मुलगी हे विचारणे आणि सांगणे, दोन्ही गुन्हा आहे.

अंगावरून रक्त किंवा पाणी गेले, तर सकाळची वाट न पाहता 102 किंवा 108 लावा.

जळगाव असो, धुळे असो, की साक्री-चोपड्याचा पाडा, प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. त्या दिवशी सुट्टी असेल, तर पुढच्या कामाच्या दिवशी जा.