अपघातांतला दोष कोणाचा?

मोटार आणि मोटारसायकल यांची टक्कर झाली म्हणजे पोलीस येण्यापूर्वींच जमावाचा निकाल लागलेला असतो. कोणी म्हणतो, ‘मोठी गाडी ती, दोष तिचाच’. कोणी म्हणतो, ‘हीं तरुण पोरें वाऱ्यासारखीं सुटतात, दुसरें काय व्हायचें?’ दोन्ही निकाल सारखेच कच्चे. अपघातांत घरचा कर्ता पुरुष गेला किंवा अपंग झाला, तर त्या घराची चूल पुढें कशी पेटावयाची, हें पुष्कळदां दोषाच्या निर्णयावरच अवलंबून असतें. हा निर्णय न्यायालय कसा करतें, तें आज आपण पाहूं.

एक उदाहरण घेऊं. मोटारसायकलस्वार आपल्या डाव्या बाजूनें सरळ चालला आहे. समोरून आलेली मोटार इशारा न देतां एकदम उजवीकडे वळते, त्याच्या वाटेंत आडवी येते, आणि त्याचा पाय मोडतो. मागाहून कळतें, कीं स्वाराजवळ वाहन चालविण्याचा परवानाच नव्हता. आतां मोटारवाला म्हणतो, ‘ज्याला रस्त्यावर येण्याचा अधिकारच नाहीं, त्यानें भरपाई कशाची मागावी?’

हा युक्तिवाद ऐकावयास सरळ वाटतो. पण त्यांत दोन निराळे प्रश्न एकत्र कालविलेले आहेत. नियम मोडला काय, हा एक प्रश्न. त्या मोडण्यामुळें अपघात घडला काय, हा दुसरा. परवान्यावांचून वाहन चालविणें हा गुन्हा खरा, आणि त्याची शिक्षा कायद्यानें वेगळी सांगितली आहे. पण स्वाराच्या खिशांत परवाना असता, तर ती मोटार आडवी आली नसती काय? २००८ सालीं परवाना नसलेल्या एका तरुण स्वाराच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें हेंच तत्त्व सांगितलें. परवाना नसणें एवढ्यावरूनच अपघातांतली हयगय सिद्ध होत नाहीं.

२०२० सालचा निकाल याहून बोलका आहे. दिल्लींत २००८ सालीं एका मोटारसायकलवर तिघेजण बसले होते. मागून आलेल्या मोटारीनें धडक दिली, आणि मागें बसलेला एक तरुण दगावला. दोनच माणसें बसावींत असा नियम असल्यामुळें उच्च न्यायालयानें भरपाईंतून दहा टक्के वजा केले. सर्वोच्च न्यायालयानें ती वजावट रद्द केली. तिघे बसल्यामुळें अपघात घडला, किंवा त्याची हानि वाढली, असें दिसल्यावांचून मृताच्या आईबापांचे पैसे कापतां येत नाहींत, असा त्याचा आशय होता.

याचा अर्थ स्वाराला सर्व माफ आहे, असा मात्र नव्हे. तोच जर लाल दिवा ओलांडून भरधाव आला असेल, तर दोषाचा कांहीं वांटा त्याच्या पदरीं पडतो. पूर्वी तर हा न्याय फार कठोर होता. १८०९ सालीं इंग्लंडांतील डर्बी गांवीं एकानें घराच्या दुरुस्तीसाठीं रस्त्यांत खांब आडवा टाकला होता. घोडा दौडवीत आलेला स्वार त्यावर आदळून पडला. त्यानें नीट पाहिलें असतें तर खांब दिसला असता, म्हणून त्याला एक पैही मिळाली नाहीं. आणाभर चुकीनें सबंध रुपया बुडावा, असा तो न्याय होता. इंग्लंडांत १९४५ च्या कायद्यानें तो बदलला. आपल्याकडेही आज मोटार अपघात दावा न्यायाधिकरण दोषाची वांटणी करतें. नुकसान दहा लाखांचें आणि स्वाराचा दोष चतुर्थांश ठरला, तर त्याला साडेसात लाख मिळतात.

मागें बसलेल्याची गोष्ट निराळी. दोन्ही चालकांची हयगय असली, तरी त्याची स्वतःची कांहींच नसते. अशा माणसानें दोहोंपैकीं कोणाकडूनही सबंध भरपाई मागावी, असें २०१५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें. आपसांतला हिशेब त्या दोघांनीं पाहावा.

हेल्मेटालाही हीच कसोटी लावावी. तें न घातल्यानें टक्कर होत नाहीं. पण डोक्याची जखम वाढूं शकते. पाय मोडलेल्याला मात्र ‘हेल्मेट कोठें होतें?’ असें विचारणें व्यर्थ आहे.

आणखी एक गैरसमज असा, कीं चालक फौजदारी खटल्यांतून सुटला म्हणजे भरपाईही बुडाली. तसें नाहीं. फौजदारींत गुन्हा निःसंशय शाबीत व्हावा लागतो. न्यायाधिकरणापुढें कोणती गोष्ट अधिक संभवनीय आहे, एवढें दाखविलें तरी पुरतें. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं दुरुस्ती झाली असून, तिच्या १६४ व्या कलमान्वयें दोष सिद्ध न करतांही मृत्यूसाठीं पांच लाख आणि गंभीर दुखापतीसाठीं अडीच लाख रुपये मागतां येतात. ही रक्कम ठराविक आहे. अधिक हवी असेल, तर दोषाची वाट चोखाळावी लागते.

आणि त्या वाटेवर जमावाचा गलका उपयोगी पडत नाहीं. चाकांचे ओरखडे कोठें होते, कोणत्या गाडीला कोणत्या बाजूस पोंचा आला, काचेचे तुकडे कोठें पडले, याचा पंचनामा आणि खरें पाहिलेला एखादा साक्षीदार, हींच तेथें बोलतात. तेव्हां अपघात दिसला, तर प्रथम जखमीला रुग्णालयांत पोंचवावें. मग आपण काय पाहिलें तें सांगावें. काय वाटलें तें नव्हे. तुमच्या दोन खऱ्या वाक्यांवर एखाद्या अनोळखी घराची भाकरी अवलंबून असेल.