‘ला’ : एका नकाराचा अर्थ

किप्पूरच्या संध्याकाळी ‘कोल निद्रे’ ऐकताना ‘ला’ हा चिमुकला शब्द आपल्या कानी वारंवार पडतो. तो अरामी भाषेतील असून त्याचा अर्थ ‘नाही’ असा आहे. पवित्र शास्त्रात दानीएल व एज्रा यांच्या ग्रंथांतील काही अध्याय, यिर्मयाचे एक वचन (१०:११) आणि उत्पत्तीतील दोन शब्द एवढेच या भाषेत आढळतात.

अरामीत नकाराचे दोन शब्द आहेत. घटना नाकारावयाची असेल तेथे ‘ला’ आणि विनवून थांबवावयाचे असेल तेथे ‘अल’ येतो. आपल्या मराठीतील ‘नाही’ व ‘नको’ यांचाच हा भेद होय. बाबेलच्या ज्ञानी पुरुषांचा नाश करू नको, असे दानीएल अर्योखास सांगतो, तेथे ‘अल’ आहे (२:२४).

परंतु खरी कसोटी ३:१८ येथे लागते. हनन्या, मिशाएल व अजऱ्या धगधगत्या भट्टीसमोर उभे आहेत. आमचा देव आम्हांस सोडवील, असे ते राजास सांगतात आणि लगेच ‘वेहेन ला’, म्हणजे ‘आणि जर नाही’, हे दोनच शब्द उच्चारतात. क्रियापद नाहीच! ‘जर त्याने सोडविले नाही’ असे समजावे, की ‘जर तो समर्थ नसला’ असे? यावर विद्वानांत मतभेद आहेत. प्राचीन ग्रीक भाषांतरांपैकी एकाने तर ही शंकाच गाळून टाकली.

जर्मनीतून निर्वासित होऊन १९४० साली अमेरिकेत आलेले व पुढे येल विद्यापीठात प्राध्यापक झालेले यहुदी पंडित फ्रांझ रोझेन्थाल यांनी १९६१ साली बायबलमधील अरामीचे व्याकरण प्रसिद्ध केले. अशा ग्रंथामुळे नियम कळतो. पण त्या दोन शब्दांचे मोल जीवनातच कळते. ५ नोव्हेंबर १९६७ रोजी अटलांटा येथील एबेनेझर चर्चमध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी याच दोन शब्दांवर प्रवचन केले. १९६३ साली न्यायालयाची मनाई मोडून मोर्चा काढल्याबद्दल झालेली शिक्षा भोगून ते नुकतेच तुरुंगाबाहेर आले होते. पाचच महिन्यांनी, ४ एप्रिल १९६८ रोजी, त्यांची हत्या झाली. त्यांची सुटका झाली नाही.

मग ‘ला’चा अर्थ काय? विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगत आले की, वाक्य अर्धवट वाचू नये. त्याच वचनात ‘ला’ आणखी दोनदा येतो: तुझ्या देवांची सेवा आम्ही करणार नाही आणि सुवर्णमूर्तीस नमन करणार नाही. पहिल्या ‘ला’मागे ‘जर’ आहे. उरलेल्या दोहोंमागे नाही. पहिल्याचा अर्थ कोणताही घ्या, पुढचे दोन नकार तिळमात्र ढळत नाहीत.

परदेशी वाढणाऱ्या आपल्या मुलांना निदान हे तीन ‘ला’ तरी शिकवूया.