एकट्या माणसाची चूल

कर्जतहून खोपोलीकडे निघालेली गाडी पहिल्यांदा थांबते ती पळसदरीला. सकाळच्या गाड्यांनी वस्तीतली तरणी माणसे कामाला निघतात. कुणी खोपोलीच्या बाजूला जातात, कुणी बदलापूर-कल्याणकडे. काहींनी तिकडेच भाड्याची खोली घेतली आहे. ते सणावाराला, भीमजयंतीला, बुद्धपौर्णिमेला घरी येतात. मागे घरात उरते एखादी आजी, नाहीतर बायको गेल्यावर एकटे पडलेले काका. आणि तिकडे खोलीवर उरतो आपला मुलगा, तोही एकटाच.

या तिघांनाही विचारा, “जेवलात का?” उत्तर बहुधा एकच मिळते, “एकट्यासाठी कुठे घाट घालायचा?” मग सकाळी चहा-खारी, दुपारी कालचा भात आणि लोणचे, रात्री पुन्हा चहा. मुलगा वडापाववर भागवतो. पोट भरल्यासारखे वाटते, पण शरीराला काही मिळत नाही. या अंकात आपण एकट्या माणसाच्या जेवणाबद्दल बोलू, कारण आपल्या वस्त्यांतली पुष्कळ आजारपणे याच रिकाम्या चुलीपाशी सुरू होतात.

एकटे म्हणजे अर्धे नव्हे

आपल्या घरांतल्या बायांनी आयुष्यभर सगळ्यांना वाढून उरेल ते खाल्ले. आता वाढायला कुणी नाही, म्हणून त्या रांधतच नाहीत. पुरुषांचे दुखणे वेगळे. त्यांना कुणी शिकवलेच नाही, म्हणून ते चुलीपाशी जात नाहीत. दोन्हीकडे समजूत एकच, की जेवण दुसऱ्यासाठी करायचे असते.

ही समजूत धम्माला धरून नाही. आळवी नगरातल्या गरीब शेतकऱ्याची कथा आपल्यापैकी अनेकांनी विहारात ऐकली असेल. त्याचा बैल हरवला होता. बैल शोधून, दमून, भुकेला असा तो भगवंतांच्या सभेत उशिरा पोहोचला. भगवंतांनी आधी त्याला जेवू घालायला लावले आणि मगच उपदेश सुरू केला. भिक्खूंना याचे नवल वाटले, तेव्हा भुकेने व्याकूळ झालेल्याला धम्म समजत नाही, हे त्यांनी समजावून सांगितले. तो शेतकरी एकटाच होता, पण त्याच्या एका जेवणासाठी सगळी सभा थांबली.

आपले बाबासाहेब 1920 नंतर लंडनला शिकत असताना अपुऱ्या अन्नावर दिवस काढत होते. रात्री भूक लागली की भाजलेल्या पापडांवर भागवत, हे आपण त्यांच्या चरित्रात वाचले आहे. ती उपासमार त्यांनी हौसेने पत्करली नव्हती, खिशात पैसे नव्हते. आज घरात डाळ-तांदूळ असताना ‘एकट्यासाठी कशाला’ म्हणून उपाशी राहणे हा त्याग नव्हे. ती स्वतःची हेळसांड आहे.

शरीराला दिवसाला किती लागते?

साधारण 50 किलो वजनाच्या माणसाला दिवसाला 40 ग्रॅमच्या आसपास प्रथिने लागतात. प्रथिनांनी स्नायू टिकतात, जखम भरते, आजाराशी झुंजायची ताकद राहते. म्हातारपणी स्नायू आपोआप झिजतात, त्यात प्रथिने कमी पडली की जिना चढवत नाही, तोल जातो, पडल्यावर हाड मोडते.

आता हिशेब करू. अर्धी वाटी तांदूळ म्हणजे साधारण 60 ग्रॅम, त्यातून 4 ते 5 ग्रॅम प्रथिने मिळतात. पाव वाटी डाळ म्हणजे 30 ग्रॅम, त्यातून सुमारे 7 ग्रॅम. एका अंड्यातून 6 ग्रॅम. मूठभर शेंगदाण्यांतून 7 ग्रॅमच्या आसपास. दोन वेळा डाळ-भात, एक अंडे आणि मूठभर शेंगदाणे एवढे पोटात गेले तरी आपण 40 च्या जवळ पोहोचतो. चहा-खारीने मात्र दहाचा आकडाही गाठता येत नाही.

म्हणून एक साधा नियम ठेवावा. प्रत्येक जेवणात तीन गोष्टी हव्यात. एक धान्य, म्हणजे भात किंवा भाकरी. दुसरी डाळ, कडधान्य, अंडे किंवा मासळी यांपैकी काहीतरी. तिसरी भाजी किंवा पाला. तिन्ही एकाच भांड्यात शिजल्या तरी चालते.

एकट्यासाठी चार जेवणे

डाळ-तांदूळ-पाला. अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मसूर डाळ, मूठभर शेवग्याचा पाला, हळद, लसूण, चवीपुरते मीठ. तिप्पट-चौपट पाणी घालून झाकण ठेवून मंद आचेवर शिजवावे. मसूर डाळ भिजवावी लागत नाही आणि लवकर शिजते, म्हणून गॅस कमी जळतो. दात नसलेल्यांनी थोडे जास्त पाणी घालून मऊ करावे. वरून एक चमचा तेलाची फोडणी पुरे.

वालाचा भात. रायगडात वाल घरोघरी असतात. रात्री एक मूठ कडवे वाल भिजत घालावेत, सकाळी फडक्यात बांधावेत, मोड आले की कोमट पाण्यात टाकून सोलावेत. कांदा परतून त्यात वाल आणि अर्धी वाटी तांदूळ घालून शिजवावे. सोलायचा कंटाळा असेल तर मूग घ्यावेत. दमट हवेत मोड लवकर आंबतात, म्हणून एका दिवसाला लागतील तेवढेच भिजवावेत आणि नेहमी शिजवूनच खावेत.

नाचणीची भाकरी आणि अंडे. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते. 100 ग्रॅम नाचणीतून 300 मिलिग्रॅमहून जास्त मिळते, तांदळात ते अगदी थोडे असते. एक भाकरी, एका अंड्याची कांदा घालून केलेली भुर्जी आणि सोबत कच्चा कांदा किंवा काकडी, एवढे झाले की जेवण पूर्ण. भाकरी थापता येत नसेल तर त्याच पिठाचे पातळ धिरडे तव्यावर घालावे. खोलीवर राहणाऱ्या मुलालाही हे एका दिवसात जमते.

सुकट किंवा जवळा. मूठभर सुकट निवडून कोरडीच भाजावी, मग दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्यावी, म्हणजे रेती आणि बरेचसे मीठ निघून जाते. कांदा, टोमॅटो, कोकम घालून परतावी. वरून मीठ घालू नये, सुक्या मासळीत ते असतेच. मोठ्या माणसाला दिवसाला सगळे मिळून 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरते, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. रक्तदाब असेल तर सुकी मासळी, लोणचे आणि पापड एकाच दिवशी नकोत.

ताप आला, तोंडाला चव नाही, अशा दिवशीही चहावर राहू नये. तांदळाची पेज करताना त्यात मूठभर मूगडाळ घालावी आणि थोडी थोडी करून दिवसातून चार वेळा प्यावी.

पावसाळ्यातली बेगमी

आषाढ-श्रावणात पळसदरीकडे पाऊस असा धरतो की चार-चार दिवस कर्जतच्या बाजाराला जाणे होत नाही. एकट्या माणसाने घरात थोडी बेगमी ठेवावी. मसूर डाळ, मूग, वाल, शेंगदाणे, सुकट, कांदे-बटाटे आणि सहा अंडी. पीठ मात्र एक किलोपेक्षा जास्त दळून आणू नये, दमट हवेत त्याला लवकर जाळी लागते.

याच दिवसांत बांधावर टाकळा, कुरडू उगवतात. कोवळा पाला फुकट मिळतो आणि गुणालाही चांगला असतो. पण ओळख पक्की असेल तीच भाजी आणावी, नाहीतर जाणत्या माणसाला दाखवावी. शेवळे घशाला खाजतात, ती काकडाशिवाय शिजवू नयेत.

शिळ्याचा प्रश्न

फ्रिज नसेल तर सकाळी एकदा रांधून दोन वेळा खावे, त्याहून जास्त नको. उरलेले कालवण रात्री चांगली उकळी येईपर्यंत तापवावे. भाताची गोष्ट वेगळी आहे. शिजलेला भात तासन्‌तास उबदार जागी राहिला की त्यात जंतू वाढतात आणि त्यांच्यातले काही असे विष तयार करतात, जे पुन्हा तापवूनही जात नाही. त्यातून उलट्या-जुलाब होतात. म्हणून भात शक्यतो त्या त्या वेळेपुरता करावा. अर्ध्या वाटीचा भात व्हायला फार वेळ लागत नाही. वास किंवा तार आलेला भात फोडणी देऊन खाण्यात काटकसर नाही, दवाखान्याचा खर्च त्याहून मोठा असतो.

गोळ्या आणि रिकामे पोट

एकट्या राहणाऱ्यांसाठी हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्शुलिन घेतल्यावर जेवण चुकले, तर रक्तातली साखर एकदम खाली जाते. दरदरून घाम येतो, हातपाय थरथरतात, छाती धडधडते, डोके चालेनासे होते. घरात दुसरे कुणी नसले तर हे जिवावर बेतू शकते.

अशी लक्षणे दिसताच तीन छोटे चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्यावी आणि शेजाऱ्याला हाक मारावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढीच साखर घ्यावी. बरे वाटल्यावर जेवून घ्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर त्याच्या तोंडात काहीही घालू नये, 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. आणि ‘आज जेवण नाही’ म्हणून गोळी आपल्या मनाने बंदही करू नये. कुठली गोळी जेवणाआधी, कुठली जेवणानंतर, आजारपणात काय करायचे, हे डॉक्टरांकडून किंवा उपकेंद्रातल्या ताईंकडून समजून घ्यावे. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डाळ, अंडी किती खायची तेही डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

मधुमेह असलेल्यांनी भात थोडा कमी करून डाळ, उसळ आणि पाला वाढवावा. नुसत्या भाताच्या पेजेने साखर लवकर चढते.

रेशनचा हक्क

प्राधान्य कुटुंबाच्या रेशनकार्डावर माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळते. म्हणजे दिवसाला साधारण 165 ग्रॅम. एकट्या माणसाच्या दोन जेवणांचा मोठा भाग त्यात भागतो. जानेवारी 2023 पासून हे धान्य मोफत आहे. अंत्योदय कार्डावर माणसे कितीही असोत, कुटुंबाला 35 किलो धान्य आहे. उत्पन्नाचे खात्रीचे साधन नसलेल्या विधवा, दिव्यांग आणि साठीपुढच्या निराधारांना या योजनेच्या निकषांत जागा आहे. आपण त्यात बसतो का, याची चौकशी तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत करावी. ही कुणाची मेहरबानी नव्हे. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने दिलेला तो हक्क आहे.

वस्तीने काय करावे?

बांगड्या सैल झाल्या, पोलके अंगावर लोंबू लागले, उठताना चक्कर येते, पायांवर सूज दिसते, तर समजावे की पोटात पुरेसे जात नाही किंवा एखादा आजार आहे. आशाताईंना कळवावे, वजन आणि हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. कधी कधी माणूस जेवत नाही कारण जेवायची इच्छाच मेलेली असते. तिथे डाळीइतकीच सोबत लागते.

ती सोबत देणे आपल्या हातात आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात आपण विहारात ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ वाचायला जमतो. आठवड्यातून एकदा वाचन संपल्यावर घरी न जाता प्रत्येकाने आणलेला डबा तिथेच उघडावा. एकटे राहणारे काका आणि आजी यांना आधी बोलवावे. त्यांनीही रिकाम्या हाताने येऊ नये, आपल्या अर्ध्या वाटीचा वालाचा भात घेऊन यावा. देणारा आणि घेणारा असा भेद तिथे राहत नाही.

एरवी रोज एवढेच करावे. शेजारी एकटे माणूस असेल तर संध्याकाळी त्याला “जेवलात का?” असे न विचारता, “आज काय केलंत?” असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला ‘हो’ म्हणून सुटता येते. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायचे तर काहीतरी रांधावे लागते.

जय भीम!